काजवे आणि आगाऊपणा

मराठी प्रवासवर्णनांविषयी माझी एक तक्रार आहे. ती कुठल्याही परीक्षणात माझ्या वाचनात आलेली नाही. परीक्षणं लिहिणारी मंडळी बहुधा घरी बसूनच लिहीत असल्यामुळे यापुढेही येईल असं वाटत नाही. म्हणून म्हटलं, आपणच मांडावी.

तक्रार अशी की, आमचा प्रवासवर्णनकार घरातून निघतो, वाटेत त्याला विचार सुचतात, दोन-तीन सूर्यास्त होतात आणि तो मुक्कामाला पोचतो. मुक्कामाला त्याच्यासाठी खोली असते. त्या खोलीच्या खिडकीतून काय दिसलं याची चार पानं असतात. पहाटे कुठला पक्षी ओरडला त्याचं एक पान. खानसाम्याच्या मिशांना अर्धं. पण ही खोली त्याला मिळाली कशी? किती दिवस आधी मागितली होती? मागितल्याबरोबर मिळाली, की आधी ‘फुल्ल आहे’ म्हणून सांगितलं? पैसे आगाऊ भरले होते का? न जाणो बेत रद्द झाला असता तर ते परत मिळणार होते का? यावर अवाक्षर नाही! विश्वामित्रानं त्रिशंकूसाठी वेगळा स्वर्ग उभा केला, तसा कोणीतरी या लेखकासाठी संध्याकाळी डाकबंगला उभा करतो आणि सकाळी मोडून टाकतो, असं वाटावं.

आरामखुर्चीत पडून वाचताना हे लक्षात येत नाही. माझी अशी चाळीस वर्षं गेली. गोडसे भटजी वाचले. वरसईचे हे विष्णुभट १८५७ साली यज्ञाची दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेकडे निघाले आणि यज्ञाऐवजी बंडात सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी १८८३ साली लिहिलं, ते छापून निघालं १९०७ साली. म्हणजे पुस्तक चोवीस वर्षं प्रतीक्षायादीत राहिलं. पण प्रवासात मात्र भटजींना टेकायला कोणाची ना कोणाची ओसरी मिळत गेली. तोफा सुरू असताना ओसरी मिळते आणि सगळीकडे सामसूम असताना शनिवारी लोणावळ्याला मिळत नाही, याला काय म्हणावं? गो. नी. दांडेकर नर्मदेची परिक्रमा करून आले आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ झाली. ती कादंबरी आहे हे मला कळतं. पण परकम्मावासीयाला सदावर्त मिळतं आणि आश्रमाच्या ओसरीवर पथारी टाकता येते, हे काही कादंबरीतलं नव्हे. व्यंकटेश माडगूळकर तर पुण्यात आकाशवाणीवर नोकरी करणारे, म्हणजे आपल्यातलेच. ते उठून विदर्भातल्या जंगलात जाऊन राहिले. त्यांचं ‘नागझिरा’ वाचल्यावर पुढचे आठ दिवस मला घरातली पालसुद्धा निरीक्षण करण्याजोगी वाटू लागली होती.

या सगळ्या पुस्तकांनी मिळून माझ्या मनात एक समजूत रुजवली. प्रवासाला लागतात फक्त दोन गोष्टी : मनात येणं आणि उठून चालू लागणं. ही समजूत किती खोटी आहे ते मला २०२५ साली कळलं, आणि तेही माझ्यासाठी नव्हे, आक्कासाठी.

आक्का माझी थोरली बहीण. वय शहात्तर. आमचे वडील राजूरला शाळामास्तर होते. राजूर म्हणजे अकोले तालुक्यातलं. विदर्भातलं अकोला नव्हे. हा खुलासा करण्यात आमच्या घराण्याचं निम्मं आयुष्य गेलं आहे. तिथून वर गेलं की शेंडी, भंडारदऱ्याचं धरण, पलीकडे कळसूबाई. आमचं बालपण तिथं गेलं. घरात वीज नव्हती, आणि मृगाच्या आधीच्या पंधरवड्यात तिची उणीवही भासत नसे, कारण घरामागच्या सादड्याच्या झाडावर काजवे बसत. एक-दोन नव्हेत. अख्खं झाड पेटायचं आणि विझायचं, पेटायचं आणि विझायचं. कोणीतरी आत बसून बटण दाबतंय असं वाटायचं. आक्का त्यातले दोन-चार बाटलीत घालून माझ्या उशाशी ठेवायची आणि सकाळी सोडून द्यायची. सकाळी त्यांच्याकडे पाहिलं तर इतके सामान्य किडे की, आपण रात्री कशाला भाळलो होतो असं वाटावं. पुढे असा अनुभव मला काही वक्त्यांच्या बाबतीत आला.

तर आक्काला काचबिंदू झाला. या आजारात नजर कडेकडून आत आत येत जाते. नळीतून पाहिल्यासारखं दिसू लागतं. डॉक्टर म्हणाले, “गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची.” आक्का घरी येऊन म्हणाली, “मला बाजूचं दिसत नाही, समोरचं दिसतं. यांना जन्मभर समोरचंच दिसलं नाही. त्यापेक्षा बरं.” आणि मग जरा वेळानं, डाळिंबाचे दाणे काढता काढता म्हणाली, “समोरचं दिसतंय तोवर एकदा काजवे बघून यावेत.”

आक्कानं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. त्यामुळे घरात एकदम खळबळ माजली.

राजूरला आता आमचं ओळखीचं कोणी उरलेलं नाही. रात्री काजवे पाहायचे म्हणजे तिथं मुक्कामच करायला हवा. आक्काचा मुलगा नंदू कॅलिफोर्नियात असतो. तो फोनवर म्हणाला, “मामा, तू काळजी करू नकोस. तंबूचं बुकिंग मी इथून करतो. मला सवय आहे.”

सवय कसली, ते नंतर कळलं. त्याच्याकडे योसेमिटी नावाचं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या तंबूच्या बहुतेक जागा दर महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सात वाजता सरकारी संकेतस्थळावर खुल्या होतात, आणि त्यासुद्धा पाच महिन्यांनंतरच्या. मोसमातल्या असल्या तर काही मिनिटांत संपतात. पंधरा तारखेला नंदू, त्याची बायको आणि शेजारचं एक तेलुगू कुटुंब भल्या सकाळी अंघोळी करून संगणकापुढे बसतात. सात वाजायच्या आधी कोणी कोणाशी बोलत नाही. ज्याला जागा मिळेल त्यानं दुसऱ्याला बोलवायचं, असा करार आहे. आपल्याकडे ग्रहण सुटायची वाट पाहत असे बसायचे. पण ग्रहण निदान सगळ्यांचं एकदम सुटतं.

असा कसलेला माणूस. त्यानं फेब्रुवारीत बसून भंडारदऱ्याच्या बाजूचे दोन तंबू मिळवले. तारीख, शनिवार, ७ जून २०२५. त्याआधीचे सगळे शनिवार गेलेले होते. फेब्रुवारीत! काजव्यांच्या अळ्या तेव्हा पालापाचोळ्याखाली गोगलगायी खात असतात. आपण जूनमधे कुठल्या झाडावर बसणार, कोणापुढे चमकणार, याचा त्यांना पत्ता नसतो. पण पुण्यातल्या अमुक नळस्टॉपवरच्या तमुक कुटुंबानं त्यांना धरून ठेवलेलं असतं.

त्या बुकिंगचा मजकूर नंदूनं मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मी तो दोनदा वाचला. वाङ्मय म्हणून तो अगदीच टाकाऊ नाही. सुरुवात जोरकस आहे : ‘निसर्गाच्या कुशीत एक जादुई रात्र.’ मध्यभाग जरा रेंगाळतो. त्यात चहा-भजी आहेत, शेगडीवर भाजलेले पदार्थ आहेत, लाइव्ह म्युझिक आहे, तंबूत गादी आणि उशी आहे, प्रसाधनगृह सामायिक आहे. निवेदनशैली नि:संकोच म्हणावी लागेल. पण खरी कलाटणी पुढे आहे. मिळणाऱ्या सोयींच्या यादीत ‘नाश्ता : पोहे’ आणि ‘पार्किंग’ यांच्यामधे ‘काजवे’ हा शब्द होता, आणि त्याच्या डोक्यावर एक छोटीशी चांदणी होती. तळाला तशीच चांदणी काढून बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘उपलब्धतेनुसार.’

पोह्यांना चांदणी नव्हती.

त्याच्याही खाली, आणखी बारीक अक्षरात : रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत, तारीख एकदाच बदलून मिळेल, तीही जागा असल्यास. या शेवटच्या परिच्छेदात लेखकाचा खरा आवाज सापडतो. त्याआधीचं सगळं उसनं आहे.

मराठीत ‘आगाऊ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वेळेच्या आधी केलेलं ते आगाऊ, आणि शहाणपणा शिकवणारं कार्टं तेही आगाऊ. एकाच शब्दात हे दोन अर्थ ज्यानं घातले त्यानं नक्की कुठल्यातरी खिडकीसमोर उभं राहून नंबर लावलेला असला पाहिजे.

पुणेकराला हे नवीन नाही म्हणा. आमच्याकडे मुलगी दाखवायच्या आधी मंगल कार्यालय बघून ठेवणारे बाप झाले. “कार्यालय मिळालंय वैशाखातलं, आता मुलगा बघतोय,” हे वाक्य मी स्वत:च्या कानांनी ऐकलेलं आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडलं. प्लॅन उघडायच्या दिवशी भल्या पहाटे तिथं रांगेत उभं राहून मी तिसऱ्या रांगेची तिकिटं काढलेली आहेत, आणि आठ दिवसांनी नाटकाच्या वेळी झोपलेलो आहे. ज्याच्यासाठी एवढं जागावं त्याच्यापुढे झोप येणं, हा आगाऊ आरक्षणाचा पहिला नियम. रेल्वेला तो उशिरा का होईना कळला असावा. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट काढता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आणली. फार आधी तिकीट काढणाऱ्या माणसाचा बेत पुष्कळदा फिसकटतो, हे एका एवढ्या मोठ्या खात्यानं मान्य केलं ही काही लहान गोष्ट नाही. नवऱ्यांनी अजून केलेलं नाही.

पण जागा खरोखर इतक्या कमी आहेत का? मी हिशेब मांडला. काजव्यांचा हंगाम ढोबळमानानं मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. त्यात शनिवार चार, फार तर पाच. पुणे, मुंबई, नाशिक, ठाणे इथल्या ज्या ज्या माणसाकडे चारचाकी आहे आणि जिच्यात बसायला कोणीतरी आहे, तो या चारांपैकी एका शनिवारी तिकडे निघतो. घाटात गाडीला गाडी लागते. गंमत अशी की, काजव्याचं चमकणं हे त्याचं प्रेमपत्र असतं, आणि गाड्यांच्या दिव्यांपुढे ते वाचता येत नाही. म्हणजे आपण दुसऱ्याच्या खाजगी पत्रव्यवहारात टॉर्च घालतो आणि वर ‘फार कमी दिसले हो यंदा’ म्हणतो. वनखातं तिथं वेळेची आणि वर्दळीची बंधनं घालतं ते योग्यच आहे. माझं म्हणणं, आणखी घालावीत. पण सोमवारी? मंगळवारी? मी मुद्दाम त्या तंबूवाल्याला फोन केला. “मंगळवारी?” त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “मंगळवारी या ना काका, कधीपण या. मंगळवारी कोण असतंय इथं?”

जागा कमी नाहीत. शनिवार कमी आहेत.

आता मी निवृत्त, आक्काला तर सगळेच वार सारखे. मग आम्ही मंगळवारी का गेलो नाही? कारण गाडी जावयांची. ते हिंजवडीला कामाला. त्यांना शनिवारच मिळतो, आणि तोही वर विचारूनच. शिवाय पैसे भरून झालेले. एकदा पैसे भरले की माणूस बेताचा मालक राहत नाही, रखवालदार होतो. तीन महिने मी त्या ७ जूनची राखण केली. त्या दिवशी कोणाची मुंज नको, कोणाची साठीशांत नको, कोणी आजारी पडायचं नाही. साठीशांत करणाऱ्या एका सख्ख्या मित्राला मी “तुला वेगळा शनिवार मिळाला नाही का रे?” असं विचारलं. तो म्हणाला, “हॉल तेव्हाच मिळाला.”

आणि मग मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पुण्यावर वळीव कोसळला. झाडं पडली, वीज गेली. संध्याकाळी उघडलं तेव्हा आक्का गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. मातीचा वास अंगणातून तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. मी मेणबत्ती शोधत होतो. ती म्हणाली,

“आज-उद्याकडे येतील बघ.”

“कोण?”

“काजवे. तुला आठवत नाही? पहिला वळीव चांगला झाला की चार दिवसांत सादडा भरायचा. तिकडं तर आपल्याआधी पडला असेल.” आणि मग जरा थांबून, “उद्या जाऊ या का रे?”

यावर मी काय म्हणालो? आठ पुस्तकांची पारायणं केलेला, मनात आलं की उठून चालू लागावं या वाङ्मयावर पोसलेला मी, काय म्हणालो? मी म्हणालो, “आक्का, आपलं सात तारखेचं आहे.”

हे वाक्य त्यानंतर मला पुष्कळदा ऐकू आलं आहे. मी चाळीस वर्षं वेगवेगळ्या खिडक्यांपुढे उभा राहून पलीकडच्या ज्या आवाजाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, तोच आवाज. तोच कोरडेपणा, तीच वर न पाहण्याची पद्धत. फक्त या वेळी तो माझ्या घशातून आला होता आणि खिडकीच्या अलीकडे आक्का होती. ती “बरं” म्हणाली. खिडकीपुढचा माणूस आणखी काय म्हणणार?

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस कोणालाही न विचारता आला. २४ मे २०२५ ला केरळात, आणि २६ मे ला मुंबईत आणि पुण्यात. एरवी पुण्यात तो दहा जूनच्या आसपास येतो. तो पंधरा दिवस आगाऊ आला, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. पंचांगवाल्यांना हुकवलं, वेधशाळेची पळापळ केली, शेतकऱ्यांचे कांदे भिजवले. कांद्यांपुढे आमच्या तंबूचं काय एवढं? पण मोठा पाऊस एकदा लागून राहिला की काजव्यांचा खेळ आटोपतो. दोन जूनला तंबूवाल्याचा फोन आला. बिचारा खरंच दु:खी होता. तंबूखालची जमीन चिखल झाली होती, दोन तंबू वाऱ्यानं नेले होते. “काका, काजवे संपले. पण तुमची तारीख पुढच्या वर्षी टाकून देतो. बाकी पॅकेज सेम राहील.”

म्हणजे पोहे.

आक्काला सांगितलं. ती म्हणाली, “पुढच्या वर्षीचं कोणी बघितलंय?” ती हे नेहमीच म्हणते, वीस वर्षांपासून म्हणते, लोणचं घालतानासुद्धा म्हणते. पण या वेळी ‘बघितलंय’ या शब्दावर मी उगाचच थबकलो.

त्यानंतर अठरा दिवसांनी, २० जूनला, पालख्या पुण्यात आल्या. ज्ञानेश्वरमहाराजांची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकाराममहाराजांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. दरवर्षीप्रमाणे मी दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो आणि मला एकदम साक्षात्कार झाला (पांडुरंगाचा नव्हे, तेवढी पुण्याई नाही). मला असं दिसलं की, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा तंबूंचा मुक्काम माझ्यासमोरून चालला आहे. लाखो माणसं, ट्रकवर राहुट्या, पातेली, गॅसच्या शेगड्या. पंढरपूरपर्यंत रोज नवं गाव, आणि कोणाच्या हातात पावती नाही!

रांगेत माझ्यापुढे परभणीकडचे एक म्हातारबाबा होते. मी त्यांना विचारलं, “बाबा, पुढच्या मुक्कामाला जागा मिळते का हो?”

“मिळंना का? आपली जागा हाय.”

“म्हणजे राखून ठेवलेली?”

“दिंडीचा नंबर हाय न्हवं. रथाच्या मागं. आमचा आजा बी तिथंच चालायचा.”

बघा म्हणजे. नंदूचे पाच महिने कुठे आणि यांचं तीन पिढ्यांचं आरक्षण कुठे! हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ही शिस्त लावून दिली : कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, कोणी कुठे उतरायचं. तारीख ठरवायची भानगड नाही, ती तिथीनं आधीच ठरवलेली. पण एक मोठा फरक आहे, आणि तो मला घरी येताना लक्ष्मी रोडवर उमगला. तिथं जागा दिंडीची असते, माणसाची नसते. म्हातारबाबांना एखाद्या वर्षी जमलं नाही तर त्यांची जागा जप्त होत नाही, पैसे बुडत नाहीत. त्यांचा पुतण्या येतो, शेजारी येतो. इरावतीबाई कर्वे पुण्याहून वारीबरोबर चालल्या आणि ‘परिपूर्ती’त ‘वाटचाल’ लिहून गेल्या. त्या लेखात मुक्कामाच्या बुकिंगची चिंता नाही, आणि माझ्या तक्रारीला हा एकच सन्मान्य अपवाद मी मानतो. तिथं ती चिंता नव्हतीच, लपवलेली नव्हती.

बाकीच्यांनी मात्र लपवली, हे मी आता ठामपणे म्हणतो. त्या उन्हाळ्यानंतर मी माझी पुस्तकं पुन्हा काढली आणि चोराच्या पावलांनी वाचली. आणि जागोजागी मला तो सापडला. कोण? ओळखीचा माणूस. कुठे एखादे साहेब असतात, ते ‘आग्रहानं’ उतरवून घेतात. कुठे मित्राचे मेहुणे इंजिनिअर असतात. कुठे नुसतीच ‘व्यवस्था झाली होती’ अशी कर्मणी क्रिया असते, आणि कर्ता डाकबंगल्याच्या मागच्या दारानं निघून गेलेला असतो. आगाऊ आरक्षण तेव्हाही होतंच. त्याचं नाव होतं चिठ्ठी.

भंडारदऱ्याला धरणाच्या वरच्या अंगाला साहेबलोकांचा एक बंगला होता. धरण १९२६ साली पुरं झालेलं. बंगलाही त्या थाटाचा. आम्ही भावंडं वडिलांबरोबर फिरायला जात असू तेव्हा त्याच्या फाटकापर्यंत जायचो. आत गुलाब होते, वेताच्या खुर्च्या होत्या, आणि त्या खुर्च्यांवर कोणीही बसलेलं नसायचं. आक्कानं एकदा विचारलं, “दादा, आपण इथं एक दिवस राहायचं का?” वडील म्हणाले, “इथं चिठ्ठी लागते.” प्रश्न मिटला. आमच्या दादांना, त्या पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरांना बाराखडी शिकवलेल्या माणसाला, चिठ्ठी देणारं कोणी नव्हतं. आज त्यांचा नातू सातासमुद्रापलीकडे पायजम्यात बसून, कोणाचंही बोट न धरता, त्याच पाण्याकाठच्या तंबूत आपल्या आईचं नाव घालू शकतो. हे काही थोडं नाही. चिठ्ठीच्या काळाबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी एकदा फाटकाबाहेरून लिहून बघावं.

तेव्हा नव्या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. तिला एवढंच विचारीन की, बाई, तू जागा सगळ्यांना सारखी केलीस, फार चांगलं केलंस. पण त्या बदल्यात फेब्रुवारीत आमच्याकडून जूनमधला माणूस लिहून का घेतेस? जूनमधे त्याचे गुडघे कसे असतील, नजर किती असेल, पाऊस कुठं असेल, हे त्याला कसं ठाऊक असणार? आणि आमच्या लेखकांना विचारीन की, खिडकीतल्या दृश्याची चार पानं ठेवा, पण पुस्तकाला एक पहिलं प्रकरण जोडा. त्यात तारीख, पैसे आणि ओळख, सगळं खरं खरं लिहा. ते वाचून एखादा निघणार नाही. पण जो निघेल तो माझ्यासारखा मेणबत्ती हातात घेऊन तारखा सांगत बसणार नाही.

आता २०२६ चा जानेवारी चालू आहे. तंबूवाल्याचा निरोप आला आहे, ‘फेब्रुवारीअखेर शनिवार कळवा.’ नंदूचा कॅलिफोर्नियातून रोज फोन, ‘मामा, कळवलंस का?’ मी कळवलेलं नाही. नंदूला बोललो नाही, पण त्याचे पैसे गेले असं मी धरून चाललो आहे. आक्काच्या नजरेची नळी आणखी थोडी अरुंद झाली आहे. समोरचं झाड मात्र अजून मावतं, तिनं कॉलनीतल्या गुलमोहरावर मोजून बघितलं. तिची कापडी पिशवी दाराआड खुंटीला लावलेली आहे. आत स्वेटर, डोळ्यांचे थेंब, टॉर्च (“झाडाकडं मारायचा नाही, पायाखाली मारायचा”) आणि आधारकार्ड. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. मला अजून अर्धं तिकीट पडतं. याचा तिला मनातून आनंद झालेला आहे.

काल वाकडेवाडीच्या स्थानकावर गेलो होतो. चौकशीच्या खिडकीत एक तरुण मुलगा होता. मी सवयीनं चष्मा पुसला, घसा साफ केला आणि विचारलं, “मे महिन्यात, आठवड्याच्या मधल्या वारी, अकोल्याच्या गाडीला दोन जागा हव्या होत्या. तारीख आत्ता सांगता येणार नाही. पहिला वळीव पडला की दुसऱ्या दिवशी. किती दिवस आधी आरक्षण करावं लागेल?”

त्यानं वर पाहिलं.

“नगर जिल्ह्यातलं अकोले ना?”

“हो हो, तेच.” जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण मी काही बोललो नाही. पहिल्यांदाच कोणीतरी न सांगता विदर्भ टाळला होता.

“आरक्षण कशाला काका?” तो म्हणाला. “यायचं आणि बसायचं.”